कर्ण्याची बैलगाडी, डीजेचा टेम्पो

मोटार विम्याच्या प्रस्तावात एक रकाना असतो : वाहनाचा वापर कशासाठी? कऱ्हाड भागातल्या साउंडवाल्यांच्या गाड्यांचे विमे मी वर्षानुवर्षं उतरवते आहे, पण या रकान्यापुढे धंद्याचं खरं नाव क्वचितच लिहिलेलं दिसतं. ही माणसं लबाड नाहीत. तोंडी शब्दावर सुपारी घेतात, ऐन वरातीत वीज गेली तर पदरचे पैसे घालून जनरेटर आणतात आणि सुपारी पुरी करतात. मग या एका ओळीतच खरं का उतरत नाही? पैसे वाचवायचे असतात, हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं मला या धंद्याच्या मागच्या साठ वर्षांत सापडलं. हा धंदा उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे स्वतःची गाडीच नव्हती.

माझे वडील, आण्णा, साठच्या दशकात लाऊडस्पीकर भाड्याने द्यायचे. एक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, दोन कर्णे, रेकॉर्डची पेटी, सुयांची डबी आणि मोटारीची बारा व्होल्टची बॅटरी एवढाच संसार. शेजारी कोयनेवर वीज तयार व्हायला लागली होती, तरी अनेक वाड्यावस्त्यांवर अजून ओगलेवाडीचा प्रभाकर कंदीलच जळत होता. म्हणून बॅटरी चार्ज करून न्यायची, कर्णा उंच बांबूला नाहीतर देवळाच्या शिखराशेजारच्या झाडाला बांधायचा. लाखेच्या तबकड्या पेटीत उभ्या ठेवायच्या, मध्ये जुन्या लुगड्याचे तुकडे. आडव्या ठेवल्या तर धक्क्याने तडकतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

हे सामान न्यायला गाडी यजमानाची यायची. ज्याच्या घरचं लग्न, त्याची बैलगाडी. कर्णे गोधडीत गुंडाळून कडब्यावर ठेवले जात आणि आण्णा अँप्लिफायर मांडीवर घेऊन बसत. गाव लांब असलं तर एसटी. टपावर कर्णे चढवायचे, कंडक्टर सामानाचं तिकीट फाडायचा. आण्णांच्या हिशोबाच्या वह्या माझ्याकडे आहेत. लाल बांधणीच्या, उभ्या, घडीच्या कडेला तेलकट झालेल्या. तारीख, गाव, कारण (लग्न, जत्रा, सत्यनारायण, उरूस, प्रचारसभा), ठरलेली रक्कम, इसार, बाकी. एका पानावर बाकीपुढे ‘दोन पायली ज्वारी’ असं लिहून खाली यजमानाचा अंगठा घेतलेला आहे. खर्चाच्या बाजूला सेल, सुया, बॅटरी चार्जिंग, एसटी लगेज. गाडी या नावाचा खर्च त्या काळातल्या एकाही वहीत नाही. देण्याघेण्याचा एवढा चोख हिशोब ठेवणाऱ्या माणसाला गाडीच्या कागदाशी कधी काम पडलंच नाही, कारण गाडी नेहमी दुसऱ्याची होती आणि वाटेत काही झालं तर ते गाडीवाल्याचं होतं.

शहरांत हा धंदा याच्या आधीच मोठा झाला होता. मोटवाने घराण्याच्या शिकागो रेडिओने काँग्रेसच्या अधिवेशनांना ध्वनिक्षेपक पुरवले. स्वातंत्र्यलढ्यातल्या सभांच्या जुन्या फोटोंत मायक्रोफोनवर ते नाव आजही वाचता येतं. १९४२च्या भूमिगत काँग्रेस रेडिओच्या खटल्यात उषा मेहतांबरोबर नानिक मोटवानेही आरोपी होते, पुढे ते निर्दोष सुटले. आमच्याकडच्या लाऊडस्पीकरवाल्यांना ही परंपरा ठाऊक होती आणि तिचा अभिमानही होता. सभेला आवाज देणं हे मानाचं काम समजलं जाई. पुढे डीजेची बदनामी झाली म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगते.

विम्याची गोष्ट दुसरीकडे चालू होती. सातारा जिल्ह्याला विमा परका नव्हता. अण्णासाहेब चिरमुले यांनी १९१३ साली साताऱ्यात वेस्टर्न इंडिया ही आयुर्विमा कंपनी काढली होती. मोटारीचा विमा मात्र वेगळ्या कारणाने आला. रस्त्यावर मोटारी वाढल्या, माणसं चिरडली जाऊ लागली आणि न्यायालयाने भरपाई ठरवली तरी मालकाकडे द्यायला काही नसेल तर विधवेच्या हाती नुसता हुकूमनामा यायचा. इंग्लंडने १९३०च्या कायद्याने तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. आपल्याकडे १९३९चा मोटार वाहन कायदा झाला, त्यातलं विम्याचं आठवं प्रकरण १ जुलै १९४६पासून अमलात आलं. ही सक्ती मालकाच्या सोयीसाठी नव्हती. गाडीशी काडीचाही संबंध नसलेल्या, रस्त्याच्या कडेने चाललेल्या माणसासाठी होती. माझ्या कामाचा पाया मी हाच मानते.

पण विमा कंपनीने धोका पत्करायचा तर धोका काय आहे ते तिला कळलं पाहिजे. याचा जुना निवाडा सुमात्रातल्या एका किल्ल्याचा आहे. बेंकुलेनच्या फोर्ट मार्लबरोच्या गव्हर्नरने, कार्टरने, परकी शत्रू किल्ला घेईल या भीतीपोटी लंडनमध्ये विमा उतरवला. १७६०मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. किल्ला कमकुवत आहे हे लपवलं, अशी विमेकऱ्याची तक्रार होती. १७६६ साली लॉर्ड मॅन्सफिल्डने निकाल कार्टरच्या बाजूने दिला, कारण किल्ल्याची अवस्था आणि युद्धाचा संभव विमेकऱ्याला स्वतःला कळण्यासारखा होता. मात्र त्याच निकालात तत्त्व घालून दिलं : जे फक्त विमा उतरवणाऱ्याला ठाऊक आहे, ते त्याने सांगितलंच पाहिजे. किल्ला कुणालाही दिसतो. शनिवारी संध्याकाळी साउंडवाल्याच्या गाडीत मागे काय चढवलं जातं, ते त्याला आणि त्याच्या पोरांनाच माहीत असतं. त्याला हा खटला लागू पडतो तो इथे.

सत्तरच्या दशकात धंद्याचं वजन वाढलं. वीज गावोगाव पोचली, कर्ण्याच्या जोडीला लाकडी बॉक्स आले, मग कॅसेट आली. बैलगाडीच्या जागी आकुर्डीच्या कारखान्यातली बजाज टेम्पोची वाहनं आली, आधी तीनचाकी, मग मॅटाडोर. तीही भाड्याचीच. आण्णांच्या वहीत आता ‘टेम्पो भाडे’ अशी ओळ दिसू लागते, पण टेम्पोचा परवाना, कर, विमा सगळं टेम्पोवाल्याचं. त्याचा धंदाच माल वाहण्याचा, त्यामुळे त्याचा कागद आपोआप बरोबर असायचा. १ जानेवारी १९७३ला १०७ विमा कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण होऊन चार सरकारी कंपन्या झाल्या. टेम्पोवाल्याने कंपनीच्या दारात जायचं, ठरलेला हप्ता भरायचा. साउंडवाला त्या दारापाशी कधी गेलाच नाही.

तो गेला तो स्वतःची गाडी घेतल्यावर. टाटाची ४०७ १९८६मध्ये आली. नव्वदच्या दशकात त्या जुन्या बाजारात उतरल्या आणि साउंडवाल्यांच्या आवाक्यात आल्या. आमच्या घरातली पहिली गाडी अशीच, दादाने घेतलेली. त्या वेळी विम्याचा फॉर्म भरायची पद्धत सांगते. एजंट यायचा, चहा व्हायचा, आरसी बुकावरून नंबर उतरवला जायचा आणि ‘इथे सही करा’ एवढंच बोलणं व्हायचं. वापराचा रकाना कुणी वाचून दाखवत नसे. या दोषात आमचा व्यवसाय बरोबरीचा वाटेकरी आहे. निम्मे चुकीचे कागद एजंटाच्या घाईतून जन्मले आहेत, आणि अजूनही जन्मतात.

दरपत्रकालाही हा धंदा माहीत नव्हता. २००२च्या अखिल भारतीय मोटार टॅरिफमध्ये ‘क्लास डी’ म्हणून किरकोळ आणि खास प्रकारच्या वाहनांची लांबलचक यादी होती. तीत शववाहिका होती, फिरतं दुकान होतं, फिरता दवाखाना होता, सिनेमाच्या चित्रीकरणाच्या आणि जाहिरातीच्या व्हॅनही होत्या. ती यादी मी साउंडवाल्याचं नाव शोधत ओळीओळीने वाचली आहे. नाव नाही. तोवर गावागावांत बॉक्सच्या भिंती लागत होत्या, हजारो पोरं या धंद्यावर पोट भरत होती, तरी कागदाच्या जगात तो धंदा नव्हताच. २००७पासून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचे दर मोकळे झाले, कंपन्या आपापले ठरवू लागल्या. नाव मात्र आपण लिहिल्याशिवाय कुठेच येत नाही.

नंतर जे झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचं आहे. २००५मध्ये टाटा एस, आपला छोटा हत्ती, आला आणि कर्ज काढून गाडी घेणं तरुण पोरांना जमू लागलं. बेस, मिड, टॉप, अँपचा रॅक, मिक्सर, शार्पी लाइट, वर जनरेटर. मोठ्यांनी आयशर घेतली, लोखंडी फ्रेम बांधली. लहान डीजेवाल्याने घरच्या सात सीटच्या गाडीचं मागचं सीट काढलं आणि दोन बेस आत सरकवले. हळदीला, वाढदिवसाला तेवढं पुरतं. ही पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी नोंदणीची गाडी हाच आज सगळ्यात अवघड प्रश्न आहे.

फरक केवढा पडतो ते आकड्यांतच बघा. १ जून २०२२पासूनच्या दरांनुसार १००० ते १५०० सीसीच्या खासगी कारचा तिऱ्हाइताच्या विम्याचा वार्षिक मूळ हप्ता ३,४१६ रुपये. भाड्याने माल वाहणाऱ्या, एकूण वजन साडेसात हजार किलोपर्यंतच्या चारचाकीचा १६,०४९ रुपये. हा फरक लग्नसराईतल्या एखाद्या सुपारीएवढा आहे, आणि ज्याच्या घरी पावसाळ्याचे चार महिने चूल जपून पेटते त्याला तो मोठाच वाटतो. तो मोठा आहेच, हे मी कबूल करते.

माझ्याकडे येणारा प्रत्येक जण एकच मुद्दा मांडतो. “ताई, मी गाडीचं भाडं घेतच न्हाई. साउंडचं घेतो. गाडी घरचीच हाय.” मुद्दा खोटा नाही. पण खासगी कारच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा छापलेल्या असतात. भाड्याने देणं हा अपवाद तर आहेच, त्याच्याच खाली दुसरा अपवाद आहे : मालाची वाहतूक, नमुने आणि वैयक्तिक सामान सोडून. औषध विक्रेत्याची नमुन्यांची बॅग चालते, प्रवासाला निघालेल्या कुटुंबाच्या वळकट्या चालतात. धंद्याचे दोन बेस बॉक्स आणि अँपचा रॅक चालत नाहीत, मग भाडं गाडीचं घ्या नाहीतर गाण्याचं. काही जण सांगतात, की तीन हजार किलोच्या आतल्या मालगाडीला परवाना लागत नाही. बरोबर, कायद्याच्या ६६व्या कलमात ती सूट आहे. ती परवान्याची सूट आहे. व्यावसायिक नोंदणी आणि विमा तिने सुटत नाहीत.

असा एक क्लेम मी जवळून पाहिला. हळदीचा कार्यक्रम आटोपून येताना पहाटे घाटात गाडी कठड्याला धडकली, तिच्या धक्क्याने एक दुचाकीस्वार पडला, त्याचा पाय मोडला. डीजेवाल्या पोराने ढकलून ढकलून बॉक्स दुसऱ्या टेम्पोत हलवले आणि मगच फोन केला. सर्व्हेअर दुपारी आला. त्याने दार उघडलं आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. सीटचे बोल्ट काढलेल्या जागी गंज धरला होता, म्हणजे सीट काल-परवा काढलेलं नव्हतं. पत्र्यावर चाकांच्या पेटीचे समांतर ओरखडे होते, छताला केबल अडकवायचे हूक होते आणि कोपऱ्यात स्पीकरच्या केबलचा एक तुटका स्पीकॉन प्लग पडला होता. त्याने त्या प्लगचा फोटो काढला. गाडीच्या नुकसानीचा क्लेम नाकारला गेला.

अशा वेळी सगळं बुडतंच असं नाही. खासगी म्हणून विमा उतरवलेली गाडी तशी वापरली गेली नव्हती, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये दावा पूर्ण फेटाळण्याऐवजी काही रक्कम द्यायला लावली. पाच लाखांच्या विम्यापोटी अडीच लाख. पण त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग, राज्य आयोग, दिल्ली अशी पायपीट करावी लागते, आणि तोवर धंदा थांबलेला असतो. त्या दुचाकीस्वाराचं काय? कायद्याचा रोख त्याच्याकडे असल्यामुळे न्यायाधिकरणं बऱ्याचदा कंपनीला आधी भरपाई द्यायला सांगतात आणि मग तीच रक्कम मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. जखमीला पैसे मिळतात, हे योग्यच आहे. पण ते शेवटी ज्याच्या खिशातून जातात त्याने वाचवलेला हप्ता त्यापुढे काहीच नसतो.

गाडीवर चढणाऱ्या पोरांचा प्रश्न मला याहून जास्त सतावतो. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी बसला असेल तर त्याला १९९४च्या दुरुस्तीने विम्याच्या कक्षेत घेतलं. बाकी फुकट बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२मध्ये स्पष्ट केलं. म्हणजे चालकाशेजारचा ऑपरेटर कक्षेत येऊ शकतो. बॉक्स उचलणारी पगारी पोरं येतात, पण त्यांची संख्या लिहून त्यांच्यापुरता हप्ता भरला असेल तर. वरातीत टेम्पोच्या टपावर चढून नाचणारा नवरदेवाचा मित्र कुठेच येत नाही. वरून विजेची तार जात असते आणि पॉलिसीत त्याच्यासाठी एक अक्षरही नसतं.

‘वापर’ किती दूर पोचतो याचा एक निकाल तर आमच्याच जिल्ह्यातून गेलेला आहे. ऑक्टोबर १९८७मध्ये पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यात एक पेट्रोलचा टँकर ट्रकच्या धडकेने उलटला. काही तासांनी गळलेल्या पेट्रोलचा भडका उडाला आणि जमलेली माणसं भाजली, दगावली. टँकर तर आडवा पडलेला, मग ही मोटारीच्या वापरातून घडलेली दुर्घटना म्हणायची का? सर्वोच्च न्यायालयाने १९९१मध्ये सांगितलं, होय. उभी गाडी, बंद गाडी, उलटलेली गाडीसुद्धा वापरातच असू शकते. वरातीपुढे पायाच्या गतीने सरकणाऱ्या, वर जनरेटर धडधडत असलेल्या टेम्पोचे मालक मला म्हणतात, “गाडी तर उभीच होती की,” तेव्हा मी त्यांना ही हकीकत सांगते.

लपवण्याचं आणखी एक कारण गेल्या काही वर्षांत तयार झालं आहे, आणि ते पैशाचं नाही. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा आवाज बंद केला, निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठेवली. २०१६मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या नियमांच्या अंमलबजावणीचे सविस्तर आदेश दिले. २०१८च्या गणेशोत्सवात डीजे-डॉल्बीवरची बंदी तात्पुरती उठवायलाही न्यायालयाने नकार दिला. मी या मर्यादांच्या बाजूची आहे. म्हाताऱ्या माणसाची छाती धडधडेल एवढा आवाज लावायचा हक्क कुणालाच नाही, आणि आण्णांनीही दवाखान्यासमोर कर्णा नेहमी उलटा फिरवला. पण या काळात साउंडवाल्याच्या मनात एक भीती बसली : ‘डीजे’ हा शब्द कुठल्याही कागदावर आला की पोलीस येणार, गाडी अडकणार. म्हणून तो विम्याच्या कागदावरही येत नाही. खरं तर त्या रकान्याचा डेसिबलशी काही संबंध नाही. तिथे कंपनी फक्त गाडी काय वाहते एवढं विचारते. कायद्याच्या ५२व्या कलमाविरुद्ध बॉडीबाहेर फ्रेम काढली असेल तर तो वेगळा गुन्हा आहे, आणि तो लपवूनही विम्यात तुमच्याच अंगावर येतो.

तेव्हा साउंडवाल्या भावांनो, आणि आता या धंद्यात उतरलेल्या बहिणींनो, एक विनंती. पुढच्या नूतनीकरणाचा फोन आला की ऑनलाइन बटण दाबून मोकळे होऊ नका. अर्जात किंवा साध्या कागदावर स्पष्ट लिहा : डीजे आणि साउंड सिस्टिमच्या व्यवसायासाठी, स्वतःचं सामान नेण्यासाठी वापर, अंदाजे वजन एवढं, जनरेटर आहे किंवा नाही, सोबत काम करणारी मुलं एवढी. बॉक्स आणि अँप मोटार पॉलिसीत येत नाहीत, त्यांच्या वेगळ्या विम्याचीही त्याच वेळी चौकशी करा. पांढऱ्या पाटीची गाडी असेल तर आधी आरटीओत जाऊन तिची नोंदणी बदलून मिळते का ते बघा, किंवा सामानासाठी आण्णांसारखा भाड्याचा टेम्पो सांगा. छोट्या सुपाऱ्यांना तो आजही स्वस्त पडतो. लिहिलेल्या कागदाच्या प्रतीवर कंपनीचा शिक्का घ्या. आणि लेखी उत्तर हातात येईपर्यंत त्या गाडीत बॉक्स चढवू नका.